बाळाच्या हाती पहिला घास

सहा महिने पूर्ण झाले की एकट्या आईच्या दुधावर बाळाचे भागत नाही. दूध थांबवायचे नसते. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पण वाढत्या अंगाला लागणारी ऊर्जा, लोह आणि जस्त आता दुधातून पुरेसे मिळत नाही. आईच्या पोटात असताना बाळाने साठवलेले लोहही याच सुमारास संपत येते. अंगणवाडीताई आणि आशाताई ज्याला ‘वरचा आहार’ म्हणतात, तो इथून सुरू होतो. आधी चमच्याने भरवलेला मऊ, कुस्करलेला घास असतो. मग काही आठवड्यांतच बाळ ताटाकडे झेपावू लागते, हाती येईल ते मुठीत धरून तोंडात घालते. हाताने धरून खाण्याचे पदार्थ देण्याची वेळ ती हीच.

या टप्प्यावर घरोघरी दोन टोके दिसतात. काही घरी घास घशात अडकेल या भीतीने वर्ष उलटले तरी बाळाला पातळ पेज आणि वरणाचे पाणीच दिले जाते. काही घरी ‘दात आले, आता सगळे चालते’ असे म्हणून हातावर फुटाणे ठेवले जातात. पहिल्या घरचे बाळ उपाशी राहते, तर दुसऱ्या घरच्या बाळाचा जीव धोक्यात येतो. बहुतेक वेळा धोका धान्यात, फळात किंवा डाळीत नसतो. तो तुकड्याच्या आकारात आणि कडकपणात असतो, तसेच बाळ कसे बसले आहे आणि जवळ कोण आहे यातही असतो. अख्खा शेंगदाणा लहान बाळासाठी जीवघेणा ठरू शकतो. त्याच शेंगदाण्याचा बारीक कूट भाकरीच्या घासात मिसळला की तो उत्तम अन्न होतो.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव. या भागात ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन, ऊस आणि हळद पिकते. जिल्ह्याच्या वसमत भागात केळीच्या बागा आहेत. बाळाला हाती धरून खाण्यासाठी जे लागते ते जवळपास सगळे अशा गावातल्या साध्या घरात असते. बाजारातले डबाबंद शिशुआहार आणि पुडीतले कुरकुरीत तुकडे यांची त्यासाठी गरज नाही. गरज असते ती घरचाच पदार्थ बाळाच्या तोंडाला झेपेल अशा रूपात आणण्याची.

वेळ कशी ओळखावी

सहा महिने, म्हणजे १८० दिवस, ही पहिली अट. तीन किंवा चार महिन्यांच्या बाळाच्या तोंडात घन अन्न घालू नये. त्या वयात जिभेवर ठेवलेली वस्तू जीभ आपोआप बाहेर ढकलते आणि मानही नीट सावरलेली नसते. सहाव्या महिन्यानंतर तीन खुणा पाहाव्यात. बाळ थोड्या आधाराने ताठ बसते आणि डोके स्थिर ठेवते. समोरची वस्तू पाहून हात पुढे करते आणि ती नेमकी तोंडाशी नेते. चमच्याने दिलेला घास बाहेर न लोटता मागे नेऊन गिळते. या तिन्ही खुणा दिसल्या की मुठीत धरता येईल असा मऊ पदार्थ देता येतो. बहुतेक बाळांना आठव्या महिन्यापर्यंत हे चांगले जमते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत वय कसे मोजायचे आणि सुरुवात कधी करायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

उष्टावणाचा विधी अनेक कुटुंबांत मुलाला सहाव्या किंवा आठव्या आणि मुलीला पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात. मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात असेल तर विधीपुरते ओठाला अन्न लावून थांबावे आणि रोजचे खाणे सहा महिने भरल्यावरच सुरू करावे. अन्नाची गरज मुलगा आणि मुलगी यांना एकाच वयात लागते. मामाच्या हातची खीर हा मान आहे. तो ठेवताना त्या खिरीत अख्खे बदाम, काजू किंवा मनुका नसतील एवढी काळजी घ्यावी.

फार उशीर करण्यातही तोटा आहे. इंग्लंडच्या एव्हन भागात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. दहा महिन्यांपर्यंत ज्यांच्या तोंडाला गुठळीचे, चावायला लागणारे अन्न लागले नव्हते, ती मुले पुढे खाण्यात जास्त कटकटी निघाली. चावणे सरावाने येते. जबडा, जीभ आणि गाल यांचा मेळ बसण्यासाठी तोंडात चावण्याजोगे काही असावे लागते, आणि या शिकण्याचा सोयीचा काळ सहा ते दहा महिन्यांचा असतो.

तोंडात आणि घशात काय घडते

पहिले दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतात आणि ते पुढचे, तोडायचे दात असतात. दळायच्या दाढांपैकी पहिल्या दाढा वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान आणि दुसऱ्या दाढा दोन वर्षांच्या आगेमागे येतात. म्हणजे दहा महिन्यांच्या बाळाला सफरचंदाचा किंवा गाजराचा तुकडा तोडता येतो, पण तोडलेला तुकडा बारीक करता येत नाही. दात आले म्हणून कडक पदार्थ देणे चुकीचे का, याचे उत्तर इथे आहे. मऊ पदार्थाला मात्र दातही लागत नाहीत. शिजलेला भोपळा किंवा केळे बाळ हिरड्यांनी सहज चिरडते.

बाळाची श्वासनलिका अवघी काही मिलिमीटर रुंद असते. हरभऱ्याचा दाणा, शेंगदाणा, द्राक्ष किंवा बोराची बी तिथे बुचासारखी बसू शकते. मोठ्या माणसाला जोराने खोकून ती उडवता येते. बाळाच्या छातीत तेवढा जोर नसतो. गोल, गुळगुळीत आणि टणक वस्तू सगळ्यात धोक्याची, कारण ती घसरत थेट मागे जाते. भारतात मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाण्याचे नाव सतत वर असते. दाणा आत राहिला की ओलाव्याने फुगतो आणि त्यातल्या तेलाने फुप्फुसाला सूज येते.

निसर्गाने बाळाला एक संरक्षणही दिले आहे. मोठ्या माणसाला उबळ येते ती घशाच्या मागे काही टेकल्यावर. बाळाच्या बाबतीत ही उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागावरून सुटते. त्यामुळे घास जरा मोठा झाला की बाळ ओकारी काढल्यासारखे करते, जीभ बाहेर काढते आणि तुकडा पुढे ढकलते. हे घाबरवणारे दिसते, पण ती घशात अडकण्याच्या आधीची राखण आहे. महिने जातील तशी उबळीची जागा मागे सरकते. म्हणून शिकण्यासाठी सुरुवातीचे महिने तुलनेने सुरक्षित असतात.

आकार आणि मऊपणा

घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. शिजलेला तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलके दाबावा. तो सहज चेपून लगदा झाला तर बाळाच्या हिरड्याही तो चिरडू शकतील. दाबल्यावर तुकडा निसटला, टणक राहिला किंवा मोडून धारदार फोडी झाल्या तर तो अजून बाळासाठी नाही.

आकार हाताच्या वाढीप्रमाणे बदलतो. सहा ते आठ महिन्यांचे बाळ पूर्ण मुठीत वस्तू धरते, पण मूठ उघडून आतला घास तोंडात घालणे त्याला जमत नाही. या वयात मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब आणि जाड कांडी योग्य ठरते. अर्धी कांडी मुठीत राहते आणि अर्धी वर डोकावते. बाळ तेवढी वरची चोखते, चिरडते. नवव्या महिन्याच्या आसपास बाळ अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत वस्तू उचलू लागते. तेव्हापासून लहान, मऊ, चपटे तुकडे ताटलीत ठेवावेत. गोल पदार्थ या वयातही गोल ठेवू नये. द्राक्ष उभे चार भागांत कापावे आणि बी काढून टाकावी. शिजवलेला हरभरा, राजमा किंवा वाटाणा दोन बोटांत दाबून चपटा करावा आणि सुटलेले साल काढावे.

ब्रिटनमधल्या आरोग्यसेविका जिल रॅपली यांनी बाळाला पहिल्यापासून स्वतःच्या हाताने खाऊ देण्याची पद्धत मांडली. त्यांचे या विषयावरचे पुस्तक २००८ मध्ये आले. ही पद्धत धोक्याची आहे का, हे तपासणाऱ्या न्यूझीलंडमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांना कोणते पदार्थ टाळायचे आणि बाळाला कसे बसवायचे हे नीट समजावले होते. त्या घरांत हाताने खाणाऱ्या बाळांच्या घशात घास अडकण्याचे प्रमाण चमच्याने भरवलेल्या बाळांपेक्षा जास्त आढळले नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सातव्या महिन्यात दोन्ही गटांतल्या निम्म्याहून अधिक बाळांच्या हाती धोक्याचा एखादा तरी पदार्थ पडला होता. म्हणजे भरवण्याची पद्धत कोणतीही असो, पदार्थाच्या रूपाकडे लक्ष ठेवावेच लागते. मराठी घरांत दोन्हीचा मेळ उत्तम बसतो: मऊ खिचडी हाताने भरवावी आणि त्याच वेळी एक कांडी बाळाच्या मुठीत द्यावी.

घरच्या चुलीवरचे पदार्थ

सुरुवातीला उकडलेले रताळे, काशीफळ (लाल भोपळा) आणि पिकलेले केळे सर्वांत सोपे. रताळे सालासकट उकडून, साल आणि दोरे काढून त्याच्या उभ्या कांड्या कराव्यात. काशीफळाची फोड वाफवून गर मऊ झाला की साल काढावी. केळे हातातून निसटते. त्याला भाजलेल्या तिळाची बारीक पूड किंवा शेंगदाण्याचा मऊ कूट चोळला तर पकड बसते आणि पोषणही वाढते. गाजर, बीट आणि दोडका पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे. पपई आणि पिकलेला आंबा यांच्या फोडी चालतात. पेरू द्यायचा तर बिया काढून गर शिजवावा. शेवग्याची शेंग मात्र बाळाच्या हाती देऊ नये, कारण तिचे दोरे घशात जातात. आतला गर खरवडून वरणात घालावा.

ज्वारीची भाकर गरम असताना मऊ असते आणि गार झाली की कडक होऊन तिचे टोकदार तुकडे पडतात. बाळासाठी दशमी जास्त योग्य. ज्वारीच्या पिठात उकडलेले काशीफळ कुस्करून घालावे, पाण्याऐवजी दुधाने पीठ मळावे, जाडसर थापून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावे आणि वरून थोडे तूप लावावे. भोपळ्यामुळे ती गार झाल्यावरही मऊ राहते. कडा कापून टाकाव्यात आणि मधल्या भागाच्या बोटभर पट्ट्या कराव्यात. पट्टी वरणात बुडवून दिली की धान्य, डाळ, भाजी आणि स्निग्धांश एकाच घासात येतात. स्वयंपाकात गाईचे दूध सहा महिन्यांनंतर चालते. पेय म्हणून आईच्या दुधाच्या जागी ते वर्षाआधी देऊ नये.

मूगडाळ भिजवून, वाटून त्यात बारीक मेथी घातलेले मऊ धिरडे हा दुसरा चांगला पदार्थ. घट्ट पिठले थापून त्याच्या वड्या पाडल्या तर त्याही हाती धरता येतात. ज्वारीच्या कण्या किंवा मऊ भात वरणासह घट्ट कालवून त्याचे लांबट मुटके करता येतात. पूर्ण उकडलेल्या अंड्याच्या उभ्या फोडी द्याव्यात. नुसता कोरडा पिवळा बलक टाळूला चिकटतो, म्हणून तो थोड्या दुधात किंवा वरणात कालवावा. मांसाहारी घरांत शिजवून धाग्याधाग्याने सोडवलेली आणि मग बारीक केलेली कोंबडी चालते. धरणाच्या गावांत मासा सहज मिळतो. पण गोड्या पाण्यातल्या अनेक माशांना बारीक, फाट्याफाट्याचे काटे असतात. घास बोटांनी दोनदा चाचपून, उजेडात पाहूनच तो बाळाला द्यावा. काटे पूर्ण निघत नसतील तर तो मासा बाळासाठी नाही.

बाळाचे अन्न काढून घेऊन मग उरलेल्यात मीठ, तिखट घालावे. वर्षाच्या आत वेगळे मीठ, साखर किंवा गूळ लागत नाही. हळद, जिरे, धणे आणि कोथिंबीर यांची चव चालते.

शेंगदाणा, अंडे आणि ॲलर्जी

शेंगदाणा, अंडे, गहू, मासा अशा पदार्थांची ॲलर्जी होईल म्हणून ते उशिरा द्यावेत, असा सल्ला पूर्वी दिला जाई. २०१५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासाने तो बदलला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे त्यात होती. त्यांतल्या निम्म्यांना वयाच्या ४ ते ११ महिन्यांत शेंगदाण्याचे मऊ पदार्थ सुरू केले, बाकीच्यांना पाच वर्षे शेंगदाण्यापासून दूर ठेवले. पाचव्या वर्षी दूर ठेवलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

मराठवाड्याच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट रोजचाच आहे. तो मिक्सरवर किंवा खलबत्त्यात पूर्ण बारीक करून, चाळून, ओल्या घासात मिसळावा. कोरडा कूट बाळाच्या तोंडात टाकू नये. तो श्वासाबरोबर आत जातो. नवा पदार्थ सकाळी, एका वेळी एकच आणि थोडा द्यावा, म्हणजे काही झाले तर कशामुळे झाले ते कळते. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, पुन्हा पुन्हा उलट्या ही लक्षणे काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतात. श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठावा. ज्या बाळाला तीव्र इसब आहे, त्याला शेंगदाणा आणि अंडे सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

काय टाळावे

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, बदाम, सुपारीचे खांड, चुरमुरे, लाह्या, मक्याच्या लाह्या, बुंदी, शेव, चिक्की, गोळ्या, कच्चे गाजर, कच्चा मुळा, सफरचंदाची कच्ची फोड, पापड आणि कुरडई हे सारे पदार्थ बाळाच्या हाती नकोत. हिवाळ्यात शेतात हुरडा भाजला जातो तेव्हा कोवळे दाणेही बाळाला देऊ नयेत. बोर, जांभूळ, सीताफळ आणि चिंच यांतल्या बिया नेहमी धोक्याच्या. टणक दाणे आणि सुका मेवा अख्खा देण्यासाठी चार ते पाच वर्षांपर्यंत थांबावे.

सण आणि समारंभ यांत ही काळजी सुटते. पहिल्या संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे, तिळाच्या वड्या आणि गोळ्या ओततात आणि जमलेली मुले त्यांची लूट करतात. मधोमध बसलेले बाळ त्यातली जवळची वस्तू उचलून तोंडात घालणारच. बाळ वर्षाच्या आतले असेल तर ओतण्यासाठी फुलांच्या पाकळ्या घ्याव्यात किंवा मोठी कापडी फुले वापरावीत, आणि लुटीचा खाऊ मोठ्या मुलांच्या हाती स्वतंत्रपणे द्यावा. हलव्याचे दागिनेही बाळ चावून तोडते. फोटो झाला की ते काढून ठेवावेत. महाशिवरात्रीला औंढा नागनाथची जत्रा भरते, घरोघरी उपवासाचे रांधले जाते. त्यातले उकडलेले रताळे बाळाला उत्तम. साबुदाण्याची खिचडी मात्र चिकट असते, तिचा गोळा होतो आणि त्यात दाण्यांचे जाड तुकडे असतात. शिवाय साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसते.

मध वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंपासून तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंगातली ताकद जाते. या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. चहात बुडवलेले बिस्कीट हा अनेक घरांतला बाळाचा पहिला हातचा खाऊ असतो. त्यात साखर आणि मैदा असतो, आणि चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. त्याऐवजी दशमीची पट्टी वरणात बुडवून दिली तर बाळाचे पोटही भरते.

बसणे आणि सोबत

खाताना बाळ ताठ बसलेले हवे. भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसाच्या मांडीवर, पाठीला आधार देऊन, तोंड समोर करून बसवले की उंच खुर्ची लागत नाही. पायांवर आडवे घेऊन, नाक दाबून बोंडल्याने पाजायची जुनी सवय आहे. तशा स्थितीत घन घास कधीही देऊ नये. झोळीत, पाळण्यात, रांगताना, चालत्या मोटारसायकलवर किंवा एसटीच्या धक्क्यांत बाळाच्या हाती खाऊ नको. बाळ हसत किंवा रडत असताना तोंडात घास घालू नये, कारण त्या क्षणी ते जोराने श्वास आत ओढते.

खाताना एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे आणि त्याचे डोळे बाळाकडे असावेत. सोयाबीनची काढणी किंवा हळदीची लगबग असते तेव्हा बाळ अनेकदा पाचसात वर्षांच्या ताई-दादाकडे असते. भावंडे मायेने आपल्या हातातला फुटाणा बाळाला भरवतात. त्यांना रागावण्यापेक्षा बाळाला काय द्यायचे आणि काय नाही हे दाखवून ठेवावे, आणि खाण्याची वेळ मोठ्यांनी आपल्याकडे घ्यावी. जमिनीवर बाळाच्या हाताला लागेल अशा जागी नाणी, बटणे, घड्याळाचे सेल, सुपारी, बिया राहू देऊ नयेत.

बाळाचे हात आणि भरवणाऱ्याचे हात साबणाने धुवावेत. शिजवलेला पदार्थ ताजा द्यावा. सकाळचे वरण उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर ठेवून बाळाला देऊ नये. बाळाने तोंड फिरवले, ओठ मिटले की जेवण संपले असे समजावे. जबरदस्तीने कोंबलेला घास घशात जाण्याची शक्यता जास्त असते. नाकारलेला पदार्थ दोन दिवसांनी पुन्हा ठेवावा. अनेक बाळे आठदहा वेळा चव घेतल्यावरच तो स्वीकारतात.

उबळ आणि घुसमट

उबळ आली की आवाज होतो. बाळ खोकते, ओकारी काढते, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते. अशा वेळी बाळाला पुढे वाकवून बसू द्यावे आणि खोकू द्यावे. तोंडात बोट घालू नये. तुकडा आणखी आत जातो. पाणी पाजू नये. टाळूवर थापटणे आणि फुंकर घालणे याने घशातला तुकडा हलत नाही.

घुसमट झाली की आवाज बंद होतो. बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही. ओठ आणि चेहरा निळसर पडतो. तेव्हा क्षणही न घालवता पुढीलप्रमाणे करावे आणि दुसऱ्या कोणाला १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावायला सांगावे.

वर्षाच्या आतले बाळ पालथे करून आपल्या हातावर घ्यावे, हात मांडीला टेकवावा. बाळाचे डोके छातीपेक्षा खाली असावे आणि जबड्याला बोटांचा आधार असावा. गळा दाबला जाऊ नये. दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडील भागाने दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये जोराने ५ थापा माराव्यात. तुकडा निघाला नाही तर बाळाला उताणे करावे, डोके खालीच ठेवावे, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याच्या त्याच भागाने ५ दाब द्यावेत. ५ थापा आणि ५ दाब आळीपाळीने चालू ठेवावेत. या वयात पोट दाबू नये. यकृताला इजा होते. वर्षावरच्या मुलाला पाठीवर ५ थापा देऊन नंतर पोटावर बेंबीच्या वर ५ दाब देतात. बाळ बेशुद्ध पडले तर त्याला कठीण जागेवर निजवून छातीवर ३० दाब द्यावेत, तोंडात वस्तू दिसली तरच ती काढावी, मग तोंड-नाकावाटे २ श्वास द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे.

हे वाचून अंगवळणी पडत नाही. प्रत्यक्ष करून पाहावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून बाहुलीवर ते शिकून घ्यावे. तालुक्याचे रुग्णालय दूर असलेल्या गावात आई, आजी आणि अंगणवाडीताई या तिघींनाही ते यायला हवे, कारण पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात. तुकडा निघाला तरी बाळाला डॉक्टरांना दाखवावे. घासाला ठसका लागल्यानंतर काही दिवस खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत राहिली, तर शेंगदाण्याचा किंवा बीचा कण फुप्फुसात गेलेला असू शकतो. ही गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी.

किती आणि किती वेळा

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा खाऊ घालावे. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून २५० मिलिलिटरच्या वाटीच्या निम्म्यापर्यंत जावे. नऊ महिन्यांनंतर ३-४ वेळा जेवण आणि मध्ये एकदोनदा हाती धरायचा खाऊ द्यावा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. धान्य, डाळ, दूध, अंडे, मांस-मासे, पिवळ्या-केशरी भाज्या-फळे, इतर भाज्या-फळे आणि आईचे दूध या आठ गटांपैकी रोज किमान पाच पोटात जावेत. डाळीच्या घासावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर लोह जास्त शोषले जाते. तरीही अन्नातून मिळणारे लोह बहुधा अपुरे पडते. म्हणून सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे औषध सरकारी कार्यक्रमातून मिळते; ते आशाताईंकडून घ्यावे. घरभेटींत आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना येतात. त्यांतल्या ६, ९ आणि १२ महिन्यांच्या भेटी चमचा, मुठीतली कांडी आणि घरचे ताट या तीन टप्प्यांशी जुळतात. त्या वेळी बाळाला त्यांच्यासमोर खाऊ घालून दाखवावे.

या काळजीची गरज आकड्यांतून दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ११ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळत होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता. सुधारणा शक्य आहे, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००५ मध्ये औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. २००५-०६ आणि २०१२ या दरम्यान राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. याच काळात दिवसातून किमान आवश्यक वेळा खाऊ घातल्या जाणाऱ्या बाळांचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले.

पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेक बाळांना घरचे साधे जेवण, थोडे मऊ करून, हाताने खाता यायला हवे. वर्षभरानंतरही बाळ गुठळीचे अन्न अजिबात गिळत नसेल, प्रत्येक घासाला उबळ येत असेल, गिळताना सतत ठसका लागत असेल किंवा अंगणवाडीतल्या वजनाच्या आलेखात रेघ सपाट झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाकीच्या बाळांसाठी पुढची तीनचार वर्षे तेच नियम लागू राहतात: मऊ आणि चपटे तुकडे, ताठ बैठक, शेजारी मोठे माणूस, आणि टणक दाण्यांसाठी दाढा येऊन चावणे पक्के होईपर्यंत थांबणे.